चौकटीबाहेरचा मका

आज आपण एकाच प्रकारच्या छायाचित्राबद्दल बोलणार आहोत. ते तुम्ही पाहिलेलं आहे, याची आम्हाला जवळजवळ खात्री आहे. कॅलेंडरवर, मोबाईलच्या वॉलपेपरवर, नाहीतर दवाखान्यात नंबरची वाट बघताना समोरच्या भिंतीवर. खाली नदीची चकचकीत पातळ रेघ. वर नारिंगी-जांभळं आकाश. मधे शेकडो करकोचे पंख पसरून, पाय खाली सोडून उतरताहेत, काळ्या कागदातून कातरून काढल्यासारखे. चित्रात माणूस नाही, रस्ता नाही, विजेची तार नाही. आणि खाली एक ओळ ठरलेली असते: अनादि काळापासून चालत आलेला प्रवास.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे चित्र सुंदर आहे. ते खोटंही नाही. पण त्याच्या चौकटीतून नेमकी ती गोष्ट गळलेली असते जिच्यावर तो पक्षी आज जगतो आहे. ती गोष्ट म्हणजे शेत. आणि शेत गळलं की आपण कशाचं रक्षण करायचं, याची आपली कल्पनाही चुकते. म्हणून हा नुसता रसग्रहणाचा प्रश्न नाही.

यातली पुष्कळ चित्रं एकाच जागेची असतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातून प्लॅट नावाची नदी वाहते. पसरट, उथळ, वाळूची नदी. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिच्या मधल्या टप्प्यात सँडहिल क्रेन हे करकोचे थांबतात. अंगानं करडे, कपाळावर तांबडा ठिपका, उंची साधारण चार फूट. हिवाळा टेक्सस, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोत काढून ते उत्तरेला कॅनडा, अलास्काकडे निघालेले असतात. काही तर बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून सायबेरियात जातात. वाटेत हा मुक्काम. मार्चच्या उत्तरार्धात गर्दी कळसाला पोचते. अलीकडच्या वर्षांतल्या हवाई गणनांमध्ये एका वेळी सात लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले आहेत. जगातल्या एकूण सँडहिल करकोच्यांपैकी बहुसंख्य पक्षी त्या काही आठवड्यांत या एका पट्ट्यात असतात.

आता प्रश्न असा, की ते इथेच का थांबतात? चित्र पाहून आपण म्हणू, नदीसाठी. ते अर्धं उत्तर झालं. रात्री ते नदीच्या घोटाभर पाण्यात, वाळूच्या पट्ट्यांवर उभे राहून झोपतात. चारी बाजूंना मोकळं पाणी असलं की कोल्हा, कायोटी जवळ यायला लागला तर चाहूल लागते. पण दिवसभर ते नदीत नसतात. उजाडलं की थव्याथव्यानं उठतात आणि आजूबाजूच्या शेतांत जातात. तिथे काय असतं? मका. आदल्या शरदात कापणी झालेला, हार्वेस्टरमधून सांडलेला, धसकटांत पडून राहिलेला मका.

आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे: सरवा. कापणीनंतर रानात पडलेले दाणे, कणसं गोळा करणं म्हणजे सरवा वेचणं. ज्यांना जमीन नाही त्यांचा तो हक्क समजला जायचा. प्लॅटकाठचे करकोचे दिवसभर हेच करतात, सरवा वेचतात. त्या मुक्कामात त्यांच्या खाण्याचा सुमारे नव्वद टक्के भाग हा सांडलेला मका असतो. उरलेलं ओल्या कुरणांतून मिळतं: गांडुळं, गोगलगायी, किडे. मक्यात नसलेली प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातून येतं. तीन-चार आठवड्यांत पक्ष्याच्या वजनात साधारण १५ ते २० टक्के भर पडते. पुढचा हजारो किलोमीटरचा प्रवास आणि पोचल्यावरची अंडी या चरबीवर निघतात. म्हणजे चित्रातला तो 'अनादि' पक्षी ट्रॅक्टरनं पेरलेल्या, पंपानं भिजवलेल्या आणि यंत्रानं कापलेल्या पिकावर पोसलेला असतो.

मग मका चित्रात का नसतो? कुणी मुद्दाम लपवतं असं आमचं म्हणणं नाही. छायाचित्रणाच्या सवयीच तशा आहेत. त्या एकेक करून पाहू, कारण टीका करायची तर हत्यार कसं चालतं हे माहीत हवं.

पहिली सवय वेळेची. पहाट आणि संध्याकाळ. या दोन वेळा पक्षी नदीवर असतात आणि प्रकाशही तेव्हाच देखणा असतो. म्हणून कॅमेरेही नदीवर. पक्षी शेतात असतात ते दुपारच्या पांढऱ्याफटक उन्हात, आणि तेव्हा बहुतेक छायाचित्रकार जेवायला गेलेले असतात. पक्ष्याच्या दिवसातले आठ-नऊ तास असे चित्राबाहेर राहतात.

दुसरी सवय उजेड मोजण्याची. आकाशाच्या हिशेबानं एक्स्पोजर ठेवलं की खालचं सगळं काळं होतं. पक्ष्याची सिल्हूट मिळते, पण त्याच काळोखात काठ, कुंपण, पलीकडचं शेत, धान्याची कोठारं हेही बुडतात. सिल्हूट हा निवडीचा प्रकार आहे: आकार ठेवायचा आणि ठिकाण पुसायचं.

तिसरी सवय लांब भिंगाची. ५०० किंवा ६०० मिलिमीटरचं भिंग दोन गोष्टी करतं. ते दृश्याचा अगदी चिंचोळा तुकडा उचलतं, त्यामुळे डावीकडचा खांब आणि उजवीकडचा ट्रक आपोआप बाहेर राहतात. आणि लांबूनच्या वस्तू ते एकमेकींना चिकटल्यासारख्या दाखवतं. एकामागे एक, मधे पन्नास-पन्नास मीटर अंतर असलेले थवे एकाच पडद्यावर थापल्यासारखे दिसतात. गर्दी असते त्याहून दाट होते. मित्रहो, हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळात दाटीकडे परत यायचं आहे.

या तीन सवयींमुळे जे बाहेर राहतं त्याची यादी करून बघा. नदीला जवळजवळ समांतर जाणारा इंटरस्टेट ८० हा महामार्ग. मालगाड्यांचा रुळमार्ग. चौकोनी आखलेले मुरमाचे रस्ते. आणि सेंटर पिव्हट. हा म्हणजे चाकांवर उभा असलेला लांबच लांब पाईप. शेताच्या मध्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखा फिरत तो पाणी शिंपडतो. फ्रँक झायबाक या शेतकऱ्याला १९५२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि त्याचं मोठं उत्पादन याच नेब्रास्कात सुरू झालं. विमानातून खाली पाहिलं तर हिरव्या वर्तुळांचा जो पट दिसतो तो या यंत्राचा. वसंतात हे पाईप रिकामे उभे असतात आणि त्यांच्या खाली करकोचे दाणे टिपत हिंडतात. हेही छायाचित्रच आहे की! उलट, आम्हाला तर वाटतं की या जागेचं सगळ्यात नेमकं छायाचित्र तेच आहे. पण कॅलेंडरवर ते येत नाही.

आता कुणी म्हणेल, नसू दे मका. निसर्गाचं चित्र आहे, त्यात शेतीचं यंत्र कशाला? डोळ्यांना जरा विसावा हवाच की माणसाला. या आक्षेपाला आम्ही हलकं लेखत नाही. पण त्याचं उत्तर नदीकडे आहे, तेव्हा पुन्हा नदीकडे जाऊ.

प्लॅट पूर्वी फार रुंद होती. रॉकी पर्वतातलं बर्फ वितळलं की पूर यायचा, आणि तो वाळूच्या पट्ट्यांवर उगवलेली रोपं खरवडून न्यायचा. पात्र उघडं राहायचं. मग धरणं आली, कालवे आले. नॉर्थ प्लॅटवरचं किंग्सली धरण १९४१ मध्ये पुरं झालं. पाणी शेतीकडे, विजेकडे, शहरांकडे वळलं. पूर मंदावले, आणि वाळूच्या पट्ट्यांवर कॉटनवुड, विलो अशी झाडं धरली. पात्र आक्रसलं. ज्या भागात ते फार अरुंद आणि झाडांनी वेढलेलं झालं तो भाग करकोच्यांनी सोडून दिला, कारण झाडीत दबा धरून बसलेला शत्रू दिसत नाही. वरच्या अंगाचे मुक्काम सुटत गेले आणि पक्षी पूर्वेकडे उरलेल्या सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात गोळा झाले.

मघाशी दाटी म्हटलं ती ही. जे चित्र पाहून आपण म्हणतो, 'वा, काय विपुलता!', ती विपुलता काही अंशी अडचण आहे. जागा कमी उरली म्हणून पक्षी दाट दिसतात. त्यात लांब भिंग ती दाटी आणखी दाट करतं. जे संकटाचं चिन्ह आहे तेच आपल्याला समृद्धीचं चिन्ह म्हणून दाखवलं जातं, आणि आपण ते आनंदानं भिंतीवर लावतो. एवढे पक्षी एका जागी असले की साथीचा रोग आला तर काय होईल, ही अभ्यासकांची जुनी चिंता आहे. चित्रात तिचा मागमूसही नसतो.

आणि गुंतागुंत इथे आहे. मका पिकवायला पाणी लागतं. ते पाणी घेतल्यानं नदी आक्रसते. पण तोच मका करकोच्यांना पोसतो. एकाच पिकानं अंथरूण ओढून घेतलं आणि ताट वाढलं. या कथेत सरळ खलनायक नाही, सरळ नायकही नाही. शेत काढून टाकलं की ही गुंतागुंत जाते आणि उरतो एक सोपा समज: माणूस दूर राहिला की निसर्ग आपोआप ठीक चालतो. प्लॅटवर हा समज पुरत नाही. आज जे मोकळं पात्र दिसतं त्यातलं बरंचसं माणसांनी यंत्रं घालून, झाडं काढून, पट्टे नांगरून मोकळं ठेवलेलं आहे. कोलोरॅडो, वायोमिंग, नेब्रास्का ही तीन राज्यं आणि केंद्र सरकार यांनी मिळून २००७ पासून नदीत पाणी परत सोडण्याचा आणि जमीन राखण्याचा कार्यक्रम चालवला आहे. कुणी किती पाणी सोडायचं यावर वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या. त्या नारिंगी चित्रातली पाण्याची चकचकीत रेघ करारानं आलेली असू शकते.

मक्याचंही तसंच. तो कायमचा आहे असं नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या वीस वर्षांत या भागात कापणीनंतर सांडून राहणारा मका जवळजवळ निम्म्यावर आला, असं संशोधकांनी मोजलं. हार्वेस्टर सुधारले, कमी सांडू लागले. शिवाय काही जमिनीत मक्याऐवजी सोयाबीन आलं, आणि सोयाबीनवर करकोच्याचं भागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही प्रगतीच. कमी नासाडी कुणाला नको असते? पण सरवा वेचणाऱ्याच्या दृष्टीनं बघा. आपल्या गावातही मळणीयंत्र आलं तेव्हा सरवा वेचणाऱ्या बायकांचं काय झालं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता. ज्या चित्रात मका नाही ते चित्र हा बदल दाखवूच शकत नाही. मका निम्मा होवो की संपो, नारिंगी आकाश तसंच राहणार.

इथे न्यायानं दुसरी बाजू मांडायला हवी. या सुंदर चित्रांनी काही केलंच नाही का? केलं. पुष्कळ केलं. ऑडुबॉन संस्थेचं रो अभयारण्य १९७४ मध्ये सुरू झालं, क्रेन ट्रस्ट १९७८ मध्ये. या जागांना लोकांचं प्रेम आणि पैसा मिळाला त्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. टॉम मँगेलसन यांच्यासारखा नेब्रास्कातच वाढलेला छायाचित्रकार दर वसंतात या नदीवर परत येत राहिला, आणि त्याच्या चित्रांमुळे ज्यांनी नेब्रास्काचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना ही नदी माहीत झाली. मार्चच्या थंडीत लोक विमानानं, गाड्यांनी तिथे जातात. सौंदर्यानं माणसाला दारापर्यंत आणलं, हे खरं. आमची तक्रार एवढीच, की दारापर्यंत आणून त्याला तिथेच उभं ठेवलं. घर दाखवलं नाही.

घर दाखवता येतं का? येतं. त्याचं उदाहरण म्हणून मायकेल फोर्सबर्ग यांच्या कामाकडे बघावं असं आम्ही सुचवू. तेही नेब्रास्काचेच. २००४ मध्ये त्यांचं 'ऑन एन्शंट विंग्ज' हे सँडहिल करकोच्यांवरचं पुस्तक आलं. नावातच 'प्राचीन' आहे, म्हणजे अनादि काळाची भुरळ त्यांनाही आहे. पण पुस्तक अलास्काच्या टुंड्रापासून क्युबापर्यंत पक्ष्याच्या मागे जातं, आणि वाटेत उपनगरातली परसंही टाळत नाही. पुढे २०११ मध्ये त्यांनी माईक फॅरेल यांच्यासह 'प्लॅट बेसिन टाइमलॅप्स' हा प्रकल्प सुरू केला. डोंगरातल्या उगमापासून मिसूरी नदीच्या संगमापर्यंत जागोजागी कॅमेरे खांबांना बांधून ठेवले, साठच्या आसपास. ते ठराविक अंतरानं, वर्षानुवर्षं, एकाच जागेचं चित्र घेतात. त्यांतली बरीच चित्रं एकेकटी पाहिली तर कंटाळवाणी वाटतील. बर्फ, पाणी, कोरडी वाळू, पुन्हा पाणी. पण ती ओळीनं लावली की दिसतं: धरण भरतं, कालवा सुटतो, पट्टा कोरडा पडतो, झाड उगवतं, झाड काढलं जातं, पक्षी उतरतात.

टीकाकार म्हणून आम्हाला हा प्रवास महत्त्वाचा वाटतो. पक्ष्याचं उत्तम चित्र काढता येणारा माणूस पक्ष्याकडून पाण्याकडे वळला, आणि एका क्षणाच्या चित्राकडून काळाच्या चित्राकडे. 'अनादि' या शब्दात काळ थांबलेला असतो. इथे तो चालताना दिसतो.

आता थोडं छायाचित्रकाराच्या वागण्याबद्दल, कारण चित्र आणि वागणं वेगळं काढता येत नाही. नदीकाठी लाकडी लपणं बांधलेली आहेत. पहाटे अंधारात आत जायचं आणि पक्षी उडून गेल्यावरच बाहेर यायचं. फ्लॅश नाही, फोकसचा तांबडा दिवा झाकायचा, मोबाईलचा पडदा बंद, बोलणं कुजबुजत. थंडीत बोटं आखडतात. शेतांच्या बाजूला मात्र लपण नसतं. तिथे गाडी हेच लपण. गाडीत बसून राहिलं तर पक्षी खात राहतात. दार उघडून कुणी पाय खाली ठेवला की थवा उठतो. उडतानाचं चित्र झकास येतं, यात शंका नाही. पण त्या पक्ष्यानं मिळवलेली चरबी तुमच्या चित्रासाठी खर्च झाली. एकानं एकदा केलं तर काही बिघडत नाही. रस्त्यावर दिवसाला पन्नास गाड्या असतील तर हिशेब वेगळा. म्हणून थवा उठल्याचं चित्र पाहिलं की आम्ही स्वतःला विचारतो: हा आपणहून उठला, की उठवला? चित्रात उत्तर नसतं. खाली चार शब्द लिहिले तर असू शकतं.

आणि एक तार. करकोचे संध्याकाळी, धुक्यात, अंधारात नदीकडे परततात आणि विजेच्या तारांवर आपटून मरतात. रो अभयारण्याजवळच्या एका वाहिनीवर २०१८ मध्ये संशोधकांनी अतिनील-जवळच्या प्रकाशाचे दिवे लावून पाहिले. माणसाला जेमतेम दिसणारा हा प्रकाश पक्ष्यांना तार दाखवतो. दिवे चालू असलेल्या रात्री धडका ९८ टक्क्यांनी घटल्या. छायाचित्रकार चित्रातली तार संगणकावर पुसतो, तेव्हा चित्र 'स्वच्छ' होतं. पण पक्ष्यासाठी तार पुसली जात नाही. तिथे कुणीतरी ती पक्ष्याला दिसेल अशी करत होतं, आणि आपण ती आपल्याला दिसणार नाही अशी करतो. यापेक्षा जास्त काही बोलायची गरज नाही.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, तर थोडं आपल्याकडे पाहू. हिवाळ्यात मध्य आशिया, मंगोलियाकडून कांड्या करकोचे भारतात येतात. राजस्थानातल्या खिचन गावात त्यांना कुरजां म्हणतात आणि गावकरी त्यांना रोज धान्य घालतात. तिथल्या चित्रांत बहुधा भिंती, घरं, गच्चीवरची माणसं येतात, कारण ती टाळताच येत नाहीत. आणि चित्र त्यामुळे बिघडत नाही, उलट गावानं पाखराशी काय नातं धरलंय ते कळतं. आपल्या दख्खनच्या पठारावर हेच करकोचे धरणांच्या फुगवट्यावर रात्र काढतात आणि सकाळी हरभऱ्याच्या रानात उतरतात. शेतकरी त्यांना हाकलतो, आणि त्याला नाव ठेवता येत नाही, कारण इथे सरवा नाही, उभं पीक जातं. उन्हं तापायला लागली की ते परतीला निघतात. आपल्या चित्रांत मात्र काय दिसतं? पाणी, आकाश, पक्षी. धरणही नाही, हरभराही नाही, हाकलणारा माणूसही नाही. म्हणजे चौकटीची सवय आपण सहज उचलली. निदान आपल्या रानात तरी ती मोडायला हरकत नसावी.

मग करायचं काय? सिल्हूट काढूच नका असं आम्ही म्हणणार नाही. पहाटेचं आकाश नारिंगी असतं, त्याला कोण काय करणार. पण दहा चित्रांत दोन तरी दुपारची असू द्या. लांब भिंग काढून एकदा रुंद भिंग लावा, आणि खांब येतोय म्हणून सरकू नका. चित्राखाली 'अनादि प्रवास' लिहिण्याऐवजी साधं लिहा: मार्चचा तिसरा आठवडा, मक्याचं शेत, कापणी झालेलं, नदी दोन किलोमीटरवर. एवढ्यानं पाहणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो: हे शेत कुणाचं, पाणी कुठून येतं, पुढच्या वर्षी इथे काय पेरणार?

आणि आपण, जे फक्त पाहणारे आहोत, त्यांनीही एक सवय लावून घ्यावी. पुढच्या वेळी असं चित्र समोर आलं की आधी वाहवा करा, ती त्याची आहेच. मग क्षणभर थांबून विचारा: याच्या डाव्या कडेला काय असेल? उजव्या कडेला? हा पक्षी आज दिवसभर काय खाऊन आला असेल? करकोच्याच्या पोटात जे आहे ते त्याच्या चित्रात कुठेतरी असायला हवं, एवढीच आमची मागणी आहे.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.